कोलॅजेन ३० टक्के, पण कशाच्या?

रक्तवाहिन्यांवरचे पेपर वाचायला घेतलेत की एक वाक्य हमखास भेटतं : ‘इमेजजे वापरून कोलॅजेनचे क्षेत्रफळ मोजले.’ बस्स, एवढंच. पुढे थेट आलेख आणि त्यावर चांदण्या. संशोधनाकडे वळणार असाल, तर या वाक्यापाशी थांबायची सवय आत्ताच लावून घ्या.

पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. नुसत्या नजरेने ‘कमी, मध्यम, जास्त’ ठरवण्यापेक्षा ती केव्हाही बरी. धमनीचा पातळ छेद मॅसन ट्रायक्रोमने रंगवला की कोलॅजेन निळं आणि स्नायुपेशी लाल दिसतात. फोटो काढायचा, निळे पिक्सेल मोजायचे आणि भिंतीच्या क्षेत्रफळाने भागायचं. हिशोब सोपा आहे. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली अडचण : ‘निळं’ कुठून सुरू होतं? जांभळट पिक्सेल कुणाच्या खात्यात टाकायचे? ही सीमारेषा म्हणजे थ्रेशोल्ड. तो प्रत्येक फोटोसाठी हाताने हलवला, तर आपल्याला हवं ते उत्तर नकळत मिळू शकतं. मग सॉफ्टवेअरवर सोडावं का? ओत्सूची १९७९ची पद्धत प्रत्येक चित्राचे दोन गट पाडतेच. कोलॅजेन जवळजवळ नसलं तरी पाडते. सगळ्यांना एकच थ्रेशोल्ड लावायचा, तर छेदाची जाडी, रंगवण्याची बॅच आणि सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश सारखा हवा. २००१ साली रुइफ्रोक आणि जॉन्स्टन यांनी मिसळलेले रंग गणिताने वेगळे करण्याची रीत मांडली. ती उपयोगी आहे, पण त्या रंगांची मूल्यं आपल्याच स्लाइडवरून काढावी लागतात. तयार मूल्यं उचलून वापरली, तर आकडा येईल, भरवसा येणार नाही.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते : भागाकारातला छेद. एक काल्पनिक उदाहरण घ्या. निरोगी धमनीच्या मधल्या थराचं क्षेत्रफळ १०० एकक, त्यात कोलॅजेन ३०. म्हणजे ३० टक्के. रक्तदाब वाढल्यावर स्नायू वाढून थर १५० एकक झाला आणि कोलॅजेन ३६. म्हणजे २४ टक्के. पेपरमध्ये लिहिलं जाईल, ‘कोलॅजेन घटले’. प्रत्यक्षात ते वाढलंय! टक्केवारी खोटी नाही, पण ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून टक्क्यांसोबत प्रत्यक्ष क्षेत्रफळ दिलंच पाहिजे. अनेक पेपर ते देत नाहीत, आणि परीक्षकही मागत नाहीत, ही माझी खरी तक्रार.

आणखी एक. ५ उंदरांच्या ५० छेदांचे फोटो काढले, तरी नमुने ५च. ‘एन बरोबर ५०’ लिहिलेलं दिसलं, तर त्या चांदण्यांवर लगेच विश्वास ठेवू नका.

आता तुमच्या विषयातला एखादा पेपर काढा आणि फक्त पद्धतीचा परिच्छेद वाचा. थ्रेशोल्ड कसा ठरवला? कशाने भागलं? मोजणाऱ्याला गट माहीत होते का? उत्तरं सापडली नाहीत, तर तो आकडा आपल्या प्रस्तावात आधार म्हणून घेऊ नका. आणि स्वतः मोजायला बसाल तेव्हा ही तिन्ही उत्तरं पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा. प्रबंध लिहिताना ती आठवत नाहीत.