पंचावन्न शत्रू आणि पंचावन्न नमस्कार

काळ्या पडद्यावर पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा आकृत्या. खाली डावी-उजवीकडे सरकणारी एक तोफ आणि तिच्यापुढे आडोशाला चार बुरूज. आकृत्या एका लयीत बाजूला सरकतात, कडेला पोचल्या की एक पायरी खाली उतरतात आणि उलट दिशेने चालू लागतात. त्या जमिनीला टेकण्यापूर्वी सगळ्या टिपायच्या. एक जरी खाली पोचली तरी खेळ संपला. जपानमधील ताइतो कंपनीचे अभियंते तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली तयार केलेला हा खेळ म्हणजे ‘स्पेस इन्व्हेडर्स’. पुढच्याच वर्षी नामको कंपनीचा ‘गॅलॅक्सियन’ आला, १९८१ साली ‘गॅलागा’. नाणे टाकून खेळायच्या या यंत्रांनी एक शत्रू कायमचा ठरवून टाकला : आकाशातून उतरणारा परग्रहवासी.

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीतली चर्चा बहुधा डोळे बिघडण्यावर आणि अभ्यास बुडण्यावर येऊन थांबते. त्या तक्रारी खोट्या नाहीत. पण एखादी कथा किंवा नाटक आपण ज्या नजरेने तपासतो, त्या नजरेने या खेळाकडे कोणी पाहत नाही. हा खेळ बांधला कसा आहे आणि तो खेळणाऱ्याला काय शिकवतो, असे दोन प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत. आमच्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर कौतुकाचे आहे, दुसऱ्याचे तसे नाही.

प्रथम बांधणी. यंत्राचा मेंदू म्हणजे इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर. त्याचे घड्याळ सेकंदाला वीस लाख ठोके देणारे. पडद्यावर २५६ × २२४ ठिपके. प्रत्येक ठिपका एकतर पेटलेला नाहीतर विझलेला, म्हणजे त्याला एक बिट पुरेसा. गुणाकार करून पाहा : ५७,३४४ बिट, म्हणजे ७,१६८ बाइट. एका चित्रासाठी एवढीच स्मृती. हलणारी चित्रे काढायला वेगळी सोय नव्हती. जुनी आकृती पुसायची आणि नवी काढायची, हे सगळे काम त्या एकट्या प्रोसेसरचे. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने उजळतो. या साठाव्या हिश्श्यात पंचावन्न आकृत्या हलवणे झेपणारे नव्हते, म्हणून दर वेळी फक्त एकच आकृती हलते. आपल्याला सेना एकत्र चालल्याचा भास होतो, प्रत्यक्षात पाळीपाळीने एकेकच पुढे सरकत असतो.

आता गंमत पाहा. आकृत्या ५५ असतील तर प्रत्येकीची पाळी ५५/६० सेकंदांनी, म्हणजे सुमारे ०.९२ सेकंदांनी येते. ३० उरल्या की अर्ध्या सेकंदाने, ६ उरल्या की ०.१ सेकंदाने, आणि एकच उरली की सेकंदाच्या साठाव्या भागाने. म्हणजे जितके शत्रू कमी तितके उरलेले वेगवान. संख्या आणि वेग यांचा गुणाकार जवळपास कायम राहतो. आठवीच्या पुस्तकातले व्यस्त चलन ते हेच. हे चलन मोठे नाट्यपूर्ण आहे. पहिले सत्तावीस मारल्यावर वेग साधारण दुप्पट होतो आणि शेवटच्या दोघांतला एक मारला की तो पुन्हा दुप्पट होतो. म्हणूनच शेवटचा शत्रू हातातून निसटतो.

खेळणाऱ्याला हा भागाकार दिसत नाही. त्याला वाटते की साथीदार मेल्यामुळे उरलेले बिथरले, चवताळले. जोडीला चार उतरत्या स्वरांची धडधड असते, आणि शत्रू घटतात तशी तीही जलद होते. यंत्राच्या दुबळेपणातून आलेला हा वेग निशिकादो यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. आमच्या मते या खेळाची खरी प्रतिभा येथे आहे. यंत्राची उणीव लपवण्याऐवजी त्यांनी तिचे नाटक केले.

पण विज्ञानशिक्षकाने येथेच क्षणभर थांबावे. जेथे फक्त भागाकार होता तेथे आपण राग पाहिला आणि तोही ‘त्यांचा’ राग म्हणून पाहिला. हालचाल दिसली की तिच्यामागे हेतू आहे असे मानायची मनाची सवय जुनी आहे. निरीक्षण आणि अर्थ वेगळे ठेवायला मुलांना शिकवायचे असेल, तर याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

हे वर्गात करूनही दाखवता येते. बारा मुले एका रांगेत उभी करा. सेकंदाला एक टाळी वाजवा आणि दर टाळीला क्रमाने एकाच मुलाने एक पाऊल टाकावे. बाराव्या सेकंदाला रांग एक पाऊल पुढे गेलेली असेल. आता टाळीचा वेग तोच ठेवून मुले कमी करत जा : सहा, तीन, एक. आलेख काढायला सांगा. मग बाजूला बसलेल्यांना विचारा, ‘शेवटी उरलेली मुलगी घाबरल्यासारखी वाटली का?’

आता दुसरा प्रश्न. या आकृत्या तीन जातींच्या आहेत : वरच्या रांगेत माकूल, मधल्या दोन रांगांत खेकडे, खालच्या दोन रांगांत ऑक्टोपस. अनुक्रमे ३०, २० आणि १० गुणांचे! अंतराळातून आलेली ही सेना आपल्याच समुद्रातून उचललेली आहे. याचे कारण निशिकादो यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. आधी रणगाडे, विमाने, जहाजे करून पाहिली, पण त्यांची हालचाल पटेना. माणसे, म्हणजे सैनिक, चांगले हलत होते. पण माणसांवर गोळ्या झाडायला लावणे कंपनीला गैर वाटले. मग एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीतले ऑक्टोपससारखे मंगळवासी त्यांच्या मदतीला आले.

म्हणजे परग्रहवासी येथे आला तो अंतराळाच्या कुतूहलातून नव्हे. ज्याला मारल्याने मनाला टोचणी लागणार नाही असा कोणीतरी हवा होता, म्हणून तो आला. गोळी ठरलेली होती, शोध फक्त लक्ष्याचा होता.

वेल्स यांचे मंगळवासी मात्र अशा सोयीसाठी जन्मले नव्हते. वेल्स हे थॉमस हक्सली यांच्याकडे जीवशास्त्र शिकलेले. १८९८ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात ते युरोपीयांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या केलेल्या संहाराची आठवण देतात. आपणच असे वागलो असताना मंगळवासीयांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला, असा त्यांचा रोख आहे. साम्राज्य भोगणाऱ्या इंग्रज वाचकापुढे त्यांनी आरसा धरला होता. शेवटी मंगळवासी मरतात तेही तोफांनी नव्हे, तर पृथ्वीवरच्या सूक्ष्म जीवाणूंनी, कारण त्यांच्याशी झुंजण्याची शक्ती त्यांच्या शरीरात नव्हती. खेळाने वेल्सकडून मंगळवाश्याचे शरीर घेतले आणि आरसा व जीवाणू दोन्ही सोडून दिले. म्हणजे कथेतला विचारही गेला आणि विज्ञानही गेले.

ही सोय किती हुकमी आहे याचा पुरावा दुसऱ्या एका खेळात सापडतो. अमेरिकेतील अटारी कंपनीचा ‘मिसाइल कमांड’ १९८० सालचा. त्यात वरून क्षेपणास्त्रे येतात आणि खालची सहा शहरे वाचवायची असतात. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत ही क्षेपणास्त्रे कसली, हे कोणाला सांगावे लागत नव्हते. हाच खेळ घरच्या दूरचित्रवाणी संचावर खेळण्यासाठी काढला, तेव्हा त्याच्या माहितीपुस्तिकेत शहरे झार्डन नावाच्या ग्रहावर गेली आणि हल्लेखोर क्रिटोल ग्रहावरचे झाले. अणुयुद्धाची धास्ती दिवाणखान्यात आणायची, तर परग्रहवाश्याचा बुरखा घालून आणली.

कोणी म्हणेल, ‘अहो, खेळच तो! बुद्धिबळातही राजे आणि हत्ती-घोडे असतातच की.’ हा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. माणसांवर गोळी नको, हा निर्णयही सभ्यपणाचा होता. पण बुद्धिबळात समोरच्याची बाजू आपल्यासारखीच असते. त्याला पाळी मिळते, तो जिंकू शकतो, डाव बरोबरीत सुटू शकतो. येथे पंचावन्न मारले की नवे पंचावन्न येतात आणि सुरुवातीच्या काही फेऱ्यांत तर दर वेळी आणखी खालून सुरुवात करतात. कायमचा विजय मुळीच नाही, कारण खेळ संपला तरच पुढचे नाणे पडते. आणि माणसाला मारणे सोपे जावे म्हणून आधी त्याला किडा, राक्षस किंवा जनावर ठरवण्याची रीत इतिहासात फार जुनी आहे. खेळातल्या युक्तीत आणि त्या रीतीत अंतर आहे, पण दोन्हींची दिशा एकच आहे.

विज्ञानाच्या दृष्टीनेही हा शत्रू तकलादू आहे. भावनाशून्य म्हणून निवडलेला ऑक्टोपस प्रत्यक्षात अपृष्ठवंशीयांतला अत्यंत हुशार प्राणी. त्याला सुमारे पन्नास कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या बहुसंख्य त्याच्या बाहूंत असतात. राहिला प्रश्न परग्रहावरील जीवांचा. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती हजारो ग्रह सापडले आहेत, पण त्यांपैकी कोठेही जीव असल्याचा पक्का पुरावा अजून मिळालेला नाही. म्हणजे ज्यांच्याबद्दल आपल्याला शून्य माहिती आहे, त्यांच्या हेतूबद्दल मात्र आपली खात्री आहे!

याच काळातल्या दुसऱ्या एका यंत्राची येथे आठवण होते. १९७७ साली, म्हणजे ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या आदल्या वर्षी, व्हॉयेजर १ आणि २ ही याने निघाली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठीही आहे. पृथ्वीवरचे लोक तुम्हांला शुभेच्छा पाठवतात, अशा अर्थाचा. त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. पंचावन्न शत्रू आणि पंचावन्न नमस्कार हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि मुलांनाही तसे स्पष्ट सांगावे. पण पुढची वस्तुस्थिती योगायोग नाही. एकाच दशकातल्या माणसांनी, एकाच अज्ञानापुढे उभे राहून, दोन वेगळ्या गोष्टी केल्या. व्हॉयेजर १ आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तो नमस्कार कोणाला पोचेल याची शक्यता नगण्य, हे तो पाठवणारेही जाणत होते. तरीही त्यांनी बोलण्याची सोय ठेवली.

खेळात ती सोयच नव्हती. त्या यंत्रावर खेळणाऱ्याच्या हाताशी तीनच क्रिया होत्या : डावीकडे, उजवीकडे आणि गोळी. समोरचा कोण आहे हे ठरण्यापूर्वीच त्याचे काय करायचे ते ठरलेले होते. तो शत्रू ठरला, कारण त्याच्याशी दुसरे काही करायला कळच नव्हती.

म्हणून वर्गासाठी एक शेवटचे काम सुचवतो. मुलांना हा खेळ फळ्यावर काढून दाखवा आणि सांगा, ‘वरून कोणीतरी येत आहे. तो कशासाठी येतो हे आपल्याला माहीत नाही. या यंत्राला आणखी एक कळ बसवायची आहे. ती कोणती असावी? आणि ती दाबल्यावर पडद्यावर काय व्हावे?’ उत्तरे लिहून घ्या. गोळीची कळ काढून टाकायची घाई मात्र करू नका. ती ठेवायची की नाही, हेही मुलांनाच ठरवू द्या.