व्याख्येपासून निघालेला संपादक

मा. गो. वैद्यांच्या लेखात विशेषणे शोधायला गेलात तर हाती फारसे काही लागत नाही. नागपूरच्या 'तरुण भारत'मधल्या 'भाष्य' या त्यांच्या सदराचा कुठलाही जुना लेख घ्या. आधी विषय, मग त्या विषयातल्या मुख्य शब्दाचा अर्थ, मग विरोधक काय म्हणतो ते, मग त्याला उत्तर. मध्ये दोन-तीन ठसठशीत उपशीर्षके, एखादे संस्कृत वचन आणि लगेच त्याचा मराठी अर्थ. वाक्ये आखूड. शेवटी नाव, गाव, तारीख. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही शास्त्रातली जुनी वाट त्यांनी रोजच्या वर्तमानपत्रात आणली आणि ती चालू शकते हे दाखवून दिले.

यात नवल नाही, कारण ते मुळात मास्तर. वर्धा जिल्ह्यातल्या तरोड्याला 11 मार्च 1923 रोजी जन्म, नागपुरात शिक्षण आणि 1966 पर्यंत हिस्लॉप कॉलेजात संस्कृतचे अध्यापन. हिस्लॉप म्हणजे स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1883 मध्ये काढलेले कॉलेज. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा कट्टर स्वयंसेवक ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजात वर्षानुवर्षे संस्कृत शिकवतो, हे तेव्हाच्या नागपुरात फारसे कुणाला खटकत नसावे. आज कोणत्याही बाजूला ते पचणे अवघड आहे. 1966 मध्ये ते 'तरुण भारत'मध्ये आले, संपादक झाले आणि 1983 पर्यंत तिथे होते. 1978 ते 1984 विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त आमदार होते. पुढे संघाचे बौद्धिक प्रमुख, प्रचारप्रमुख आणि पहिले अधिकृत प्रवक्ते झाले. 'भाष्य' मात्र सुटले नाही. छापील पानावरून ते आंतरजालावर गेले तेव्हा वैद्यांनी ऐंशी ओलांडली होती. लेखाची ठेवण तीच राहिली. माध्यम बदलले म्हणून लिहिणाऱ्याने आवाज चढवायला हवा, असे त्यांना वाटले नाही.

त्यांच्या सगळ्या लेखनाचा पाया एका भेदावर आहे: राष्ट्र वेगळे, राज्य वेगळे. राष्ट्र म्हणजे लोक. त्या लोकांना राष्ट्र म्हणायचे तर तीन गोष्टी हव्यात. ते राहतात त्या भूमीविषयी आपलेपण, इतिहासातल्या सुखदुःखांविषयी समान भावना आणि चांगल्या-वाइटाची समान कसोटी. राज्य ही राजकीय व्यवस्था, ती कायद्याने आणि दंडशक्तीने चालते. हे त्यांनी इतक्या वेळा लिहिले की नियमित वाचकाला पाठ झाले असेल. पण त्यांचे कौशल्य व्याख्या करण्यापुरते नव्हते. व्याख्येतून जे निघेल ते, अडचणीचे असले तरी, ते मांडत.

स्वतंत्र विदर्भाचे उदाहरण घ्या. 'तरुण भारत'च्या याच खुर्चीवर त्यांच्याआधी ग. त्र्यं. माडखोलकर होते. 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनातला. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी वेगळ्या विदर्भाची मागणी करत असताना, नागपुरात राहून माडखोलकरांनी एका मराठी राज्याची बाजू धरली. भाषा हा त्यांचा आधार होता. वैद्यांनी उलटी बाजू घेतली आणि ती भावनेने घेतली नाही. राष्ट्र अखंड असेल आणि राज्य केवळ कारभाराची सोय असेल, तर सोयीसाठी राज्याचे भाग करायला हरकत काय, असा तो सरळ निष्कर्ष. कोणत्याही राज्याची लोकसंख्या 3 कोटींहून जास्त आणि 50 लाखांहून कमी नसावी, असे मापही त्यांनी देऊन टाकले. 2016 मध्ये महाराष्ट्राची चार राज्ये करा म्हणाले, तेव्हा मुंबई-पुण्यात गदारोळ झाला. बहुतेकांनी माणसाला झोडपले, मापाला हात लावला नाही.

खरे तर तिथेच त्यांना पकडता येत होते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 11.24 कोटींचा. विदर्भ 2.3 कोटी, मराठवाडा 1.87 कोटी, कोकण विभाग मुंबईसह 2.86 कोटी, हे तिन्ही मापात नीट बसतात. उरले पुणे आणि नाशिक विभाग. त्यांची बेरीज 4.2 कोटी. म्हणजे हे विभाग धरले तर चार राज्यांनी भागत नाही, पाच लागतात. आणि खालची मर्यादा पाळायची तर पंधरा लाखांच्या आतबाहेरचा गोवा कुठे ठेवायचा? त्यांच्या लेखनाचा मोठा गुण असा की चूक काढायची तर ती नेमकी कुठे काढायची ते कळते. गोलमोल लिहिणाऱ्याची बेरीज तपासताच येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीत बसून वैद्य वाचले की आणखी एक गोष्ट टोचते. वैनगंगेच्या या बाजूला अग्रलेख नागपूरहून यायचा, एसटीच्या टपावरच्या गठ्ठ्यातून. विदर्भ वेगळा झाला तर राजधानी नागपूर होणार. त्या राजधानीपासून आमच्याच जिल्ह्यातले सिरोंचा साडेतीनशे किलोमीटरच्या पुढेच राहणार. मुंबई दूर आहे ही तक्रार आम्हाला मान्य आहे, पण आमच्यासाठी नागपूरही काही जवळ नाही. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा वैद्य संपादक होते. जिल्हा लहान झाला, पण चामोर्शीतून अहेरीपलीकडे जाणाऱ्या माणसाचा दिवस प्रवासातच मोडायचा तो मोडतोच. लोकसंख्येच्या मापात जंगलाचे अंतर धरलेले नाही. गडचिरोलीत 2011 च्या जनगणनेत माणसे अकरा लाखांच्या आत आणि भूभाग अफाट, तेव्हा डोकी मोजून इथले दुखणे कळत नाही.

राष्ट्राच्या व्याख्येतली दुसरी अट, इतिहासाविषयी समान भावना, तीही इथे आल्यावर अडते. वैद्यांच्या संघ परिवारात आमच्या गोंड-माडिया शेजाऱ्यांना 'वनवासी' म्हणतात. हा शब्द इथल्या बऱ्याच जणांना रुचत नाही, ते स्वतःला आदिवासी म्हणवतात. त्यांच्या इतिहासात चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे, गोंड राजे आहेत. इंग्रजांशी लढलेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यात फासावर गेलेले वीर बाबुराव शेडमाके आहेत. हा इतिहास समान भावनेत घ्यायचा असेल तर तो आधी उरलेल्या महाराष्ट्राला माहीत हवा. आणि राष्ट्र-राज्य या जोडीत गाव कुठे बसते? धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढाच्या ग्रामसभेने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि पुढे आपल्या बांबूचा कारभार आपल्या हाती घेतला. त्यासाठी त्या गावाला छोट्या राज्याची वाट पाहावी लागली नाही. वैद्यांच्या चौकटीत ही तिसरी पायरी मला दिसत नाही. त्यांच्या लेखनाची मर्यादा माझ्या मते इथे आहे, हिंदुत्वात नाही.

नोव्हेंबर 2012 मधला त्यांचा लेख देशभर गाजला. नितीन गडकरी भाजपचे अध्यक्ष होते आणि त्यांच्यावर आरोपांची फैर चालू होती. वैद्यांनी एक साधा ताळा मांडला. राम जेठमलानी गडकरींचा राजीनामा मागतात आणि त्याच तोंडाने नरेंद्र मोदींना पंतप्रधानपदासाठी पुढे करतात, तेव्हा या मोहिमेचे केंद्र गुजरातेत असू शकते. आरोप म्हणून हे तर्कशास्त्राच्या परीक्षेत टिकणार नाही. दोन गोष्टी एका माणसाने मागितल्या म्हणून एकीमागे दुसरीचा धनी असतोच असे नाही, हे त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत लाल शाईने लिहिले असते. पण नव्वदीला टेकलेला संघाचा माजी प्रवक्ता स्वतःच्या परिवारातल्या सर्वांत वजनदार माणसाकडे बोट दाखवतो, ते कुजबुजीतून दाखवत नाही, सहीनिशी, तारीख घालून दाखवतो. लगेचच हे वैद्यांचे वैयक्तिक मत ठरले. तेव्हा संघाचे प्रचारप्रमुख होते त्यांचेच चिरंजीव मनमोहन वैद्य. जानेवारी 2013 मध्ये गडकरी पायउतार झाले, पुढचे सर्वांना ठाऊकच आहे.

आज उजव्या विचारांची मराठी पत्रकारिता संकेतस्थळांवर आणि यूट्यूबवर भरभराटीला आली आहे. 'मराठा', 'मार्मिक' अशी जुनी वाट चालून आलेले भाऊ तोरसेकर 'प्रतिपक्ष'वर बोलतात, त्यांचा श्रोता मोठा आहे आणि कथन रंगतदार. त्यांच्यामागून आलेल्या बऱ्याच तरुण संपादकांच्या लेखात मात्र विरोधक काय म्हणतो हा परिच्छेदच नसतो. विरोधकाचे नाव असते आणि त्यापुढे एक टोपणनाव. डाव्या बाजूलाही हेच चालते, म्हणून कुणी एकट्याने रागावू नये. वैद्यांचे विरोधक त्यांच्या लेखात आपला मुद्दा ओळखू शकत, कधीकधी स्वतः मांडला होता त्याहून नेटका.

ते लेख रसिकतेने वाचायचे नाहीत, हेही सांगायला हवे. त्यात निसर्ग नाही, माणसांची चित्रे नाहीत, विनोद क्वचित आणि तोही कोरडा. माडखोलकरांच्या गद्यात जो डौल आहे तो इथे शोधू नये. 19 डिसेंबर 2020 रोजी सत्त्याण्णव वर्षांचे असताना वैद्य गेले, तेव्हा अनेकांनी त्यांना विचारवंत म्हटले. मला तो शब्द मोठा वाटतो, कारण विचार त्यांना परंपरेने तयार मिळाला होता. त्यांनी तो शेवटच्या टोकापर्यंत चालवून दाखवला, मग ते टोक संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात जावो की गुजरातच्या दिशेने. एकाच दैनिकातल्या या दोघांना समोरासमोर ठेवून कुणी मला विचारलेच, तर माझा निवाडा असा: लेखक माडखोलकर मोठे, संपादक वैद्य.