४ वर्षं, १ महिना, २६ दिवस

राजीनामा देणारा माणूस सहसा मोघम बोलतो. तब्येत बरी नसते, घरगुती कारण असतं, नव्या लोकांना वाव द्यायचा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडताना जे निवेदन लिहिलं, त्यात मोघम असं काही नाही. कायदेमंत्रिपदासाठी बोलावणं आलं त्याला किती काळ झाला, हे ते सुरुवातीलाच मोजून सांगतात : ४ वर्षं, १ महिना आणि २६ दिवस. वर्षं सांगून भागलं असतं, पण त्यांना दिवससुद्धा सांगायचे आहेत. या मजकुराची चाल काय असणार, ते इथेच कळतं.

महाराष्ट्र शासनानं काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या ग्रंथमालेचा चौदावा खंड हिंदू कोड बिलाला, म्हणजे हिंदूंचा विवाह आणि वारसा यांचा कायदा एकत्र बांधणाऱ्या विधेयकाला, वाहिलेला आहे. दोन जाडजूड भाग, बहुतेक सगळं संसदेतल्या चर्चेचं इतिवृत्त. तो सलग वाचण्याच्या फंदात मी एकदा पडलो होतो. कलम, उपकलम, दुरुस्ती, दुरुस्तीवर दुरुस्ती, हरकतीचा मुद्दा, पुन्हा दुरुस्ती. वाचणारा दमतो, तर तिथे रोज उभं राहून उत्तरं देणारा किती दमला असेल, या विचारानं मी खंड मिटला. नंतर मात्र त्याच खंडातलं ते निवेदन वेगळं काढून वाचलं आणि वाचतच राहिलो. आपल्याकडे ते राजकीय दस्तऐवज म्हणून वाचलं जातं. त्यातली एकदोन वाक्यं भाषणांत फिरत असतात. एक गद्यकृती म्हणून, शब्दाला शब्द लावून ते वाचावं, एवढाच इथे इरादा आहे.

आधी जे खटकतं ते सांगून टाकतो. निवेदनाचा पहिला भाग विस्कळीत आहे. कायद्याखेरीज दुसरं खातं मिळालं नाही, नियोजनाचं काम हवं होतं ते दिलं नाही, मंत्रिमंडळाच्या समित्यांवर घेतलं नाही, ही तक्रार खरी असली तरी वाचताना थोडी घरातल्या वाटणीच्या कुरबुरीसारखी लागते. मग अनुसूचित जातींकडे झालेलं दुर्लक्ष येतं, मग परराष्ट्र धोरण, काश्मीर, पूर्व बंगाल. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, हा हिशेब तिथे आहे. प्रत्येक मुद्द्यात दम आहे, पण एकातून दुसरा निघत नाही. वकील एकेक पुरावा टेबलावर ठेवत जातो, तसं ते आहे.

हिंदू कोडाचा विषय निघाला की गद्य एकदम बदलतं, आणि बदलतं ते आवाज चढवून नव्हे. तारखा सुरू होतात.

११ एप्रिल १९४७ ला विधेयक मांडलं. वर्षभर ते प्रवर समितीकडे पाठवण्याची कुणाला गरज वाटली नाही. ९ एप्रिल १९४८ ला पाठवलं. १२ ऑगस्टला समितीचा अहवाल आला. ३१ ऑगस्टला त्यावर विचार व्हावा, असा प्रस्ताव बाबासाहेबांनी मांडला, पण चर्चा फेब्रुवारी १९४९ पर्यंत होऊ दिली नाही. मग फेब्रुवारीत चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन आणि एकदम डिसेंबरात एक. १९५० साली एकही नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये ५, ६ आणि ७ असे तीन दिवस. बेरीज ते स्वतः करत नाहीत. मी केली : प्रस्ताव मांडल्यापासून अडीच वर्षांत चर्चेचे दिवस अकरा.

या परिच्छेदात विशेषण जवळजवळ नाही. जाणूनबुजून, कपटानं, निर्लज्जपणे, असं कुणीही लिहिलं असतं. इथे फक्त महिन्याचं नाव आणि दिवसांचा आकडा. कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला हे गद्य लगेच ओळखू येईल. पुढची तारीख पडणं म्हणजे काय, आणि दावा न हरताही माणूस कसा हरतो, हे त्याला ठाऊक असतं. वकिली केलेल्या मंत्र्याला देशाच्या सर्वोच्च सभागृहात पक्षकाराच्या बाकावर बसून तारखा मोजाव्या लागल्या. हे त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. वाक्यांच्या ठेक्यातून ते ऐकू येतं.

मात्र या यादीच्या तोंडाशी एक वाक्य आहे आणि त्यात दोन क्रियापदं आहेत. विधेयक मारलं गेलं, असं ते आधी म्हणतात आणि लगेच मेलं असं म्हणतात. एकच घटना, पण पहिल्या क्रियापदात मारेकरी आहे, दुसऱ्यात नाही. पुढचा मजकूर पहिल्या क्रियापदाचा कर्ता शोधत जातो. मरणाला जोडलेली विशेषणं, कुणी रडलं नाही, कुणी गाणं गायलं नाही, ही इंग्रजीत मुरलेली शब्दयोजना वॉल्टर स्कॉटच्या एका दीर्घ कवितेतून आलेली आहे. तिथे विशेषणं तीन आहेत, मधलं सन्मानाविना असं. बाबासाहेबांच्या वाक्यात दोनच उरली आहेत. मधलं मुद्दाम गाळलं की ओघात गळलं, हे कुणी सांगावं? मला ते गळलेलं योग्य वाटतं. विधेयकाचा सन्मान त्याच्या मंत्र्यानं शेवटपर्यंत राखला होता. स्कॉटच्या ओळी स्वदेशावर प्रेम नसलेल्या माणसाबद्दल आहेत, हेही लक्षात असू द्यावं. देशद्रोही, धर्मबुडवे ही दूषणं त्या दिवसांत कोडाच्या बाजूच्यांना मिळत होती.

सप्टेंबर १९५१ चा भाग यानंतर येतो. विधेयक याच संसदेत मंजूर करायचं असं मंत्रिमंडळानं एकमतानं ठरवलं. १७ तारखेला कलमवार चर्चा पुन्हा सुरू झाली. मग पंतप्रधान म्हणाले, सगळं होणार नाही, विवाह आणि घटस्फोटापुरतं करू. बाबासाहेबांना ते जिवावर आलं, पण सर्वनाश ओढवला की अर्धं सोडावं, हा शहाणपणा स्मरून ते कबूल झाले. दोन-तीन दिवसांनी दुसरा प्रस्ताव आला, तेवढंही सोडून द्यायचा. इथे मात्र ते लिहितात की आपण सुन्न झालो, बोलायला शब्द सुचला नाही. संविधान सभेत तासन्‌तास उत्तरं दिलेला माणूस आपल्याला बोलता आलं नाही असं लेखी कबूल करतो, ही जागा मला साऱ्या निवेदनात सगळ्यात उघडी वाटते. तारखांच्या कोरड्या वाळूत एवढाच ओलावा.

त्या तडजोडीत विवाह राहिला आणि मालमत्ता गेली, याकडे वाचताना लक्ष जात नाही. मला ते उशिरा उमगलं. आमच्याकडे वडिलांच्या मागे जमिनीला नावं लावायची वेळ आली, तेव्हा आत्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं होतं. हक्कसोडपत्रावर अंगठ्याचा ठसा, फोटो, सही. कुणाच्या दडपणाखाली नव्हे, स्वखुशीनं, असं वाक्य त्यात टाइप केलेलं होतं. आत्यानं विचारलं, झालं का? आणि बाहेर येऊन चहा घेतला. तिला साडीचोळी केली होती. मालमत्तेचा भाग १९५१ मध्ये आधी का कापला गेला असेल, हे त्या दिवशी मला कळलं. लग्नाबद्दल माणसं वाद घालतात. सातबाऱ्याबद्दल ती गप्प राहतात.

बाबासाहेबांना हे १९४८ मध्येही ठाऊक होतं आणि तोवर ते चिडलेले नव्हते. ९ एप्रिल १९४८ चं, विधेयक प्रवर समितीकडे पाठवतानाचं त्यांचं भाषण निवेदनाशेजारी ठेवून वाचावं. सूर शिक्षकाचा आहे. मुलीला हिस्सा देणं ही नवी टूम नाही, मनू आणि याज्ञवल्क्य दोघांनीही चौथा हिस्सा सांगितला होता, रूढीनं तो बुडवला, असं ते शांतपणे दाखवतात. रूढीचा भक्कम पुरावा असेल तर ती लिखित वचनावर मात करते, असा प्रिव्ही कौन्सिलचा दंडक होता. त्यांच्या मते त्या दंडकानं शास्त्रातली बरी वचनंही मेली. घटस्फोटाबाबतचा त्यांचा युक्तिवाद तर ऐकत राहावा असा आहे. हिंदूंमध्ये नव्वद टक्के शूद्र, त्यांच्यात काडीमोड रूढीनं चालतच आली आहे. मग दहा टक्क्यांचा कायदा नव्वद टक्क्यांवर लादायचा का? महाराष्ट्रात पाट लावणं आणि काडी मोडणं हे शब्द ज्यांच्या आज्यांच्या तोंडी होते, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. संस्कृती बुडणार म्हणून जे ओरडत होते, त्यांनी गावकुसाकडचं लग्न कधी पाहिलंच नव्हतं.

या भाषणातला शिक्षक आणि निवेदनातला फिर्यादी यांच्यामध्ये साडेतीन वर्षं आहेत.

फिर्यादीला आता विनोद सुचतो, तोही जहाल. मुख्य प्रतोद, म्हणजे संसदीय कामकाजमंत्रीच, विधेयकाचे कट्टर विरोधक. एकाच कलमावर वेळकाढू भाषणं चालत, तेव्हा चर्चाबंदीचा ठराव मांडायला ते हजर नसत. मतदानाला सदस्य मोकळे होते, याबद्दल बाबासाहेबांची तक्रार नव्हती. भाषणांच्या वेळेवर मर्यादा घालणारा पक्षादेश तेवढा हवा होता, तो निघाला नाही. पंतप्रधानांशी इतका बेइमान प्रतोद आणि बेइमान प्रतोदाशी इतका इमानी पंतप्रधान आपण पाहिला नाही, अशा अर्थाचं वाक्य इथे येतं. आरशात उलटावं तसं ते उलटतं. प्रतोदाचं नाव ते घेत नाहीत, पदच घेतात. आरोप माणसावर राहिला असता, तर भांडण ठरलं असतं. पदावर ठेवल्यानं तो कारभारावर गेला.

नेहरूंबद्दलचं वाक्य याहून बारीक कातलेलं आहे. पंतप्रधान प्रामाणिक होते, पण विधेयक पार नेण्याची तळमळ आणि निर्धार त्यांच्यात नव्हता. प्रामाणिकपणा आणि तळमळ यांत असा पडदा ओढणं सोपं नाही. मराठीत आपण दोन्ही शब्द एकाच माणसाच्या श्रद्धांजलीत सढळपणे वापरतो. इथे एक दिला आहे आणि दुसरा काढून घेतला आहे. नेहरूंच्या बाजूनंही बोलता येईल. निवडणूक तोंडावर, पक्षात फूट, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा विरोध. ते खरंच आहे. पण विरोध फार होता या सबबीला निवेदनात पुन्हा आकडेच उत्तर देतात. पक्षाच्या बैठकीत १२० पैकी २० विरोधात, आणि ४४ कलमं साडेतीन तासांत मंजूर. सभागृहात चार वर्षांत मंजूर झाली चार. ४४ आणि ४ या संख्या मजकुरात दूरदूर ठेवलेल्या आहेत. शेजारी आणायचं काम वाचणाऱ्याचं.

एक शब्द मात्र त्यांनी दोनदा वापरला आहे, आत्मा. चौथं कलम, म्हणजे शास्त्रवचन, रूढी, परंपरा यांच्यावर कोडाचा अंमल चालेल असं सांगणारं, हा कोडाचा आत्मा. आणि वर्गावर्गातली, स्त्रीपुरुषांतली विषमता हा हिंदू समाजाचा आत्मा. दोन आत्मे एका कुडीत राहणार नव्हते, हे निवेदनात कुठेही लिहिलेलं नाही. शब्द तेवढा तोच आहे.

विषमतेला हात न लावता आर्थिक कायदे करत राहणं म्हणजे संविधानाची थट्टा, उकिरड्यावर राजवाडा बांधणं, ही प्रतिमा त्याच वाक्यात आहे. ती इतकी उद्धृत झाली आहे की गुळगुळीत झाली. पण तिच्याकडे गावाकडच्या डोळ्यांनी पाहावं. उकिरडा गावाबाहेर असतो, आणि त्याच्या आसपास कुणाला राहावं लागायचं, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपली म्हण आहे. या उकिरड्याला जास्त लागली. १९५५ आणि १९५६ मध्ये कोडाचे चार तुकडे चार कायदे म्हणून मंजूर झाले, लोकसभेत ते लढवण्यात हरी विनायक पाटसकर हा मराठी माणूस पुढे होता. पण जन्मानं मुलालाच मिळणारा सहदायकी हक्क १९५६ च्या वारसा कायद्यानं राहू दिला. मुलीला तो महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये.

आजारपणामुळे आपण जात आहोत ही अफवा निवेदनात स्पष्ट शब्दांत खोडली आहे. दुखण्यापायी कर्तव्य सोडणारा मी शेवटचा माणूस, असा त्या शब्दांचा रोख. त्या वेळी ते खरोखर आजारी होते. अगदी अखेरीस सभासदांचे आभार आहेत, त्यांनी आपल्याशी दाखवलेल्या सहनशीलतेबद्दल.

हे आभार सभागृहानं ऐकलेच नाहीत. ११ ऑक्टोबरला बाबासाहेब निवेदन करायला उभे राहणार होते. प्रत आधी मिळावी, निवेदन संध्याकाळी करावं, अशी भूमिका पीठासनावरच्या उपाध्यक्षांनी घेतली. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि मजकूर वृत्तपत्रांना दिला. म्हणून हा खंड हाती लागला, तर तारखांचा तो परिच्छेद मनात नको, मोठ्यानं वाचा. तो ऐकवण्यासाठी लिहिलेला होता.