यजमान, अतिथी आणि चुंबळ : एका परिभाषेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा रूपकातून जन्मलेली असली म्हणजे तिच्या भाषांतरात त्या रूपकाचेही भाषांतर घडते. अधिरेणवीय रसायनशास्त्रात ‘यजमान’ व ‘अतिथी’ ही जोडी सहज सुचते. तिची चिकित्सा या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

१९६७ साली चार्ल्स पेडरसन यांनी मुकुट-ईथरांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. ठराविक अंतराने ऑक्सिजनचे अणू गुंफलेले हे बृहद्वलय धातूच्या आयनाला मधोमध धरून ठेवते. १८ अणूंच्या व ६ ऑक्सिजनांच्या वलयात पोटॅशियम नेमके बसते. १५ अणूंचे वलय सोडियमला अधिक मानवते. डोनाल्ड क्रॅम व झाँ-मारी लेन यांनी हा विचार पुढे नेला आणि १९८७ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. क्रॅम यांच्या विवेचनात ज्याची बंधनस्थाने आत वळलेली तो यजमान, व ज्याची बाहेर वळलेली तो अतिथी होय.

मराठीत मात्र या शब्दांचे संस्कार निराळे आहेत. ‘यजमान’ हे ‘यज्’ धातूचे वर्तमानकालवाचक रूप. मूळ अर्थ स्वतःसाठी यज्ञ करणारा. मराठी घरात तो पतीही होतो. परंपरागत व्युत्पत्तीनुसार ‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही असा. आणि त्याला विन्मुख न पाठविणे हा यजमानाचा धर्म. नेमका येथेच अर्थाचा विपर्यास होतो, कारण बृहद्वलयी रेणूचे सारे महत्त्व त्याच्या चोखंदळपणात आहे.

ट्रॉम्बे येथील उदाहरण पाहावे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उच्च किरणोत्सारी द्रव अवशिष्टातून सीझियम-१३७ वेगळे काढण्यासाठी कॅलिक्स-क्राउन जातीचा रेणू योजिला. त्या द्रावात सोडियमही विपुल असते. तरी त्याला डावलून हा रेणू सीझियम उचलतो. असे सीझियम काचेत बद्ध करून रक्तावर किरणांची प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांसाठी पुरविले जाते. दारी येईल त्याचे स्वागत करणारा यजमान येथे कुचकामाचा ठरला असता.

अधिक समर्पक प्रतिमा लोकभाषेत सापडते. मुळशी तालुक्यातील घोटावड्यासारख्या गावी चुंबळ म्हणजे काय, हे सांगण्यास कोश उघडावा लागू नये. डोईवरच्या कापडी कड्यात घागरीचे बूड टेकते. कडे लहान असल्यास घागर डगमगते, फार मोठे असल्यास ती थेट डोक्याला टेकते. वलय, पोकळी आणि माप या तिन्ही कल्पना एका शब्दात येतात. पेडरसन यांना आयनाच्या माथ्यावर मुकुट दिसला; विद्यार्थ्याला आयनाखाली चुंबळ दिसली, तर मापाचा नियमही त्याच दृष्टिक्षेपात उमगतो.

अर्थात या प्रतिमेलाही मर्यादा आहेत. ग्लुकोजच्या ६, ७ वा ८ घटकांचे सायक्लोडेक्स्ट्रिन हे बूड नसलेल्या निमुळत्या बादलीसारखे असते. त्याची बाहेरची बाजू पाण्याशी जुळवून घेते, आतली पाणी टाळते. म्हणून पाण्यात न विरघळणारी औषधे त्याच्या पोकळीत आश्रय घेतात. येथे मापाबरोबर स्वभावही पाहावा लागतो, आणि चुंबळीला स्वभाव नसतो.

तेव्हा शास्त्रीय लेखनासाठी ‘धारक’ व ‘धृत’ हे निरुपाधिक शब्द इष्ट. पहिल्या पाठासाठी चुंबळ उपयुक्त. ‘यजमान-अतिथी’ ही जोडी इतिहास म्हणून अवश्य सांगावी, परंतु तिच्यावर सिद्धान्ताचा भार टाकू नये.