उदर-महारोहिणी विस्फार आणि उंदराचे प्रतिमान : एक चिकित्सा

प्रस्तावना :

महारोहिणी ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी होय. वाढत्या वयात, विशेषतः दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या पुरुषांत, उदरातील तिची भिंत दुबळी होऊन हळूहळू फुगू लागते. या विकारास उदर-महारोहिणी विस्फार असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात मात्र अ‍ॅन्युरिझम हाच शब्द रूढ आहे. व्यास ३ सेंटिमीटरला पोहोचला की विस्फार मानला जातो आणि पुरुषांत तो ५.५ सेंटिमीटर झाल्यावर सामान्यतः शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. मधला काळ कित्येक वर्षांचा असू शकतो. त्या काळात रुग्णाने ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून घ्यावयाची आणि वाट पाहावयाची, एवढेच त्याच्या हाती असते. ही वाढ रोखणारे एकही सिद्ध औषध आजमितीस नाही. मनोर परिसरातील एखाद्या साठी उलटलेल्या, बिडी ओढणाऱ्या पुरुषास हा विकार असल्याचे कळले, तरी रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला मुंबईसारखे मोठे शहर गाठणे भाग पडते. विस्फार गोळीने थांबला, तर त्याचा सर्वाधिक लाभ अशाच रुग्णाला होईल. त्या गोळीचा शोध गेली सुमारे पंचवीस वर्षे मुख्यतः उंदरावर चालू आहे. तो कोठे अडला, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प्रतिमानांची घडण :

उंदराला हा विकार सहसा आपोआप होत नाही. तो घडवून आणावा लागतो. त्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत इलॅस्टेज हे विकर महारोहिणीत सोडून तिच्या भिंतीतील लवचीक तंतू नष्ट केले जातात. हा प्रयोग १९९० मध्ये प्रथम मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर झाला आणि पुढे लहान उंदरांवर आला. दुसरीत कॅल्शियम क्लोराइड रक्तवाहिनीला बाहेरून लावतात. तिसरी पद्धत सर्वाधिक वापरली गेली. अ‍ॅलन डॉहर्टी आणि सहकाऱ्यांनी २००० साली एपो-ई जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या त्वचेखाली सूक्ष्म पंप बसवून महिनाभर अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक दिले आणि त्यांच्या महारोहिणीत विस्फार निर्माण झाल्याचे दाखविले. पद्धत तुलनेने सोपी, कालावधी २८ दिवसांचा. तिचा प्रसार झपाट्याने झाला यात नवल नाही.

परंतु या उंदरात जे घडते ते मानवी विकाराशी कितपत जुळते? मानवी विस्फार बहुधा वृक्कांना रक्त पुरविणाऱ्या शाखांच्या खाली होतो, तर अँजिओटेन्सिनच्या उंदरात तो त्या शाखांच्या वर होतो. मानवी भिंत वर्षानुवर्षे झिजते. या उंदरात मात्र पहिल्या काही दिवसांतच भिंतीचा मधला थर फाटून त्यात रक्त शिरते. वैद्यकाच्या भाषेत हे विच्छेदन आहे, आणि माणसात तो बव्हंशी स्वतंत्र विकार मानला जातो. शिवाय प्रयोगातील उंदीर बहुधा काही महिन्यांचा तरुण असतो, रुग्ण मात्र वृद्ध असतो. ही तफावत संशोधकांना अज्ञात आहे असे नव्हे. पण लेखांच्या शीर्षकांत आणि निष्कर्षांत ती विरून जाते. उंदराच्या एका विशिष्ट इजेवर मिळालेले उत्तर तेथे सरळ 'विस्फारावरील उपचार' होऊन बसते.

या सैलपणाची किंमत डॉक्सिसायक्लिनच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. भिंतीतील तंतू तोडणाऱ्या एमएमपी विकरांना हे प्रतिजैविक आवरते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इलॅस्टेज दिलेल्या उंदरांत त्याने विस्फार रोखला. हा तर्क पुढे मानवी चाचण्यांपर्यंत गेला. नेदरलँड्समध्ये २८६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचा विस्फार उलट किंचित अधिक वाढल्याचे आढळून आले. अमेरिकेतील चाचणीत रुग्णांना दोन वर्षे, दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅम औषध देण्यात आले; २०२० मध्ये तिचाही निष्कर्ष नकारार्थीच निघाला. येथे उंदीर खोटा ठरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. उंदराला औषध इजेच्या वेळेपासूनच मिळत होते, तर रुग्णाचा विस्फार औषध सुरू होण्यापूर्वीच तयार होता. विस्फार होऊ न देणे आणि झालेला विस्फार वाढू न देणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उंदराला पहिला विचारला गेला आणि त्याचे उत्तर दुसऱ्याला लावले गेले.

मुंबईतील एक तुलना :

या संदर्भात डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांच्या कार्याचे स्मरण उपयुक्त ठरेल. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उंदरांच्या वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचा दीर्घ अभ्यास केला. तेथे रोग बाहेरून लादलेला नव्हता. तो त्या वंशात उपजत, आयुष्याच्या ओघात उद्भवत होता, आणि अनेक पिढ्यांची नोंद ठेवून आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध तपासता येत होता. प्रतिमान म्हणून हे अधिक सरस. तरीही आईच्या दुधातून पिलांत जाणारा उंदरातील तो विषाणू स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाचे कारण आहे, हे आजवर सिद्ध झालेले नाही. म्हणजे रोग नैसर्गिक असला तरी उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर आपोआप मिटत नाही. (पुढे याच विदुषीने अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला. तेथे प्रश्नच असा होता की त्याला उंदराची गरज नव्हती.)

विस्फाराच्या बाबतीत सध्या विशेष आशा मेटफॉर्मिन या स्वस्त औषधाकडून बाळगली जाते, आणि तिचा उगम मुख्यतः रुग्णांच्या निरीक्षणात आहे. मधुमेह असलेल्यांत विस्फार कमी आढळतो व सावकाश वाढतो, ही बाब वैद्यांच्या लक्षात आली; तिचे श्रेय मधुमेहाला की त्याच्या औषधाला, हा प्रश्न त्यातून निघाला. येथे उंदीर दुय्यम पण योग्य भूमिकेत दिसतो : माणसात दिसलेल्या गोष्टीची यंत्रणा उलगडण्यासाठी. निर्णायक उत्तर मात्र मानवी चाचण्यांनीच द्यावयाचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या निर्देशानंतर प्राणिशास्त्राच्या वर्गांतून प्राणिविच्छेदन हद्दपार झाले. परिणामी पदवी स्तरावरील विद्यार्थ्याची प्राणिप्रतिमानाशी गाठ पडते ती बहुधा छापील लेखातच. तेव्हा असा लेख वर्गात घेताना सारांशाआधी कार्यपद्धतीचा परिच्छेद उघडणे इष्ट. उंदराचे वय व लिंग कोणते, विस्फार वृक्कशाखांच्या वर की खाली, भिंत झिजली की फाटली, आणि औषधाचा पहिला डोस इजेपूर्वी दिला की विस्फार तयार झाल्यानंतर, हे तेथे नोंदलेले असते किंवा नसते.