‘कालियामर्दन’ आणि मूकपटातील हास्य

मूकपटातील विनोदाचे आवाहन भाषातीत असते, असे सामान्यतः म्हटले जाते. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणारा कामगार गिरण्यांभोवती वस्तीस आलेल्या सोलापुरासारख्या नगराच्या संदर्भात हे विधान सहज पटते. पडद्यावरील पाट्या वाचता न येणाऱ्यालाही खोडी कळते. परंतु खोडी कळणे म्हणजे हसू येणे नव्हे. दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ (१९१९) पाहताना हा भेद स्पष्ट होतो.

या चित्रपटाच्या आरंभी कथा नाहीच. कृष्णाची भूमिका करणारी फाळक्यांची कन्या मंदाकिनी प्रेक्षकांसमोर नुसते मुद्राभिनयाचे नमुने करून दाखविते आणि मग तिच्यातूनच कृष्ण प्रकट होतो. म्हणजे ही खेळ करणारी मुलगी आहे, हे प्रेक्षकास आधीच सांगून टाकलेले असते. पुढे सवंगड्यांसह लोणी चोरताना, किंवा निजलेल्या धनिकाची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांना बांधताना जे हसू येते, ते केवळ पुराणकथेच्या परिचयातून येत नाही. देवाची लीला आणि पोरीचा खेळ एकाच देहात दिसतात, त्यातून ते येते. (मुलीचा स्वर कानी पडता, तर हा तोल टिकला नसता.) चॅप्लिनचा भटक्या पोलिसाला चकवितो, तेव्हा तो सापडेल ही धास्ती हास्याला धार आणते. कृष्णाविषयी ती धास्ती संभवत नाही. तिचे कार्य येथे हा दुहेरीपणा करतो. डोहातील उडीच्या वेळी मात्र प्रेक्षक क्षणभर घाबरतो, तो त्या मुलीसाठीच.