लोकांवर, लोकांसाठी, लोकांशी : आरोग्य-संशोधनाच्या भाषेची एक चिकित्सा

आरोग्यविषयक संशोधनात ‘लोकसहभाग’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, त्याचा नेमका अर्थ विचारणे हेच काहींना अप्रस्तुत वाटेल. प्रत्येक प्रकल्पाच्या प्रास्ताविकात तो असतो आणि प्रत्येक अहवालाच्या समारोपात त्याचे आभार मानलेले असतात. परंतु संशोधनाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी आणि त्या संशोधनाचा उपयोग ज्याला करावयाचा आहे तो ग्रामस्थ, रुग्ण किंवा आशा कार्यकर्ती, यांच्यामध्ये खरोखरीची भागीदारी झाली किंवा नाही, हे कशावरून ओळखावे? प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे त्याने या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने केला आहे. वैद्यकशास्त्रात अधिकारवाणीने बोलण्याचा त्याचा दावा नाही.

हा प्रश्न आज आपल्या भागात केवळ तात्त्विक राहिलेला नाही. वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांनी खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असा उपक्रम २०२१-२२च्या तुकडीपासून देशभर सुरू झाला. २०२४ साली जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेव्हा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतील गावांच्या दारांशी प्रश्नावली घेऊन उभे राहणारे तरुण यापुढे वाढत जाणार, हे उघड आहे. त्यांनी कोणत्या शब्दांत विचारावे, हे आताच ठरविणे बरे.

या विचारास प्रवृत्त करणारा प्रसंग अंबड तालुक्यातील वडीगोद्री येथील आहे. धुळे-सोलापूर महामार्गावरचे, जायकवाडीच्या पाण्याने उसाकडे वळलेल्या टापूतले हे मोठे गाव. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थिनींनी येथील कष्टकरी स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी केली. तिची इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते आणि ते त्याने, त्याच्या तेव्हाच्या समजुतीप्रमाणे, चोख केले होते. ‘गेल्या तीन महिन्यांत आपणांस श्वेतप्रदराचा त्रास झाला काय?’ ‘आजारपणामुळे आपण किती दिवस रजा घेतली?’ वाक्ये शुद्ध होती. शब्दकोशाला धरून होती. भरून आलेल्या पत्रकांत पहिल्या प्रश्नापुढे बहुतेक ठिकाणी ‘नाही’ होते आणि दुसऱ्यापुढे शून्य.

पुढे गावातील एका आशाताईंना ती पत्रके दाखविली, तेव्हा त्या प्रथम हसल्या आणि मग गप्प झाल्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “सर, ‘अंगावरून पांढरं जातं का’ असं इचारलं असतं तर बायांनी सांगितलं असतं. अन् रजा कुणाला असती? आमच्यात खाडा असतो.” ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावर न गेलेला दिवस हा खाडा असून त्याचे पैसे कापले जातात. रजा हा पगारदाराचा हक्क आहे. खाडा हा मजुराचा दंड आहे. जिला कधी रजा मिळालीच नाही, तिने शून्य हे उत्तर दिले आणि ते अक्षरशः खरे होते. त्या शून्याचा अर्थ मात्र ‘आजार नाही’ असा लावला गेला. दोष विद्यार्थिनींचा नव्हता. ज्याने प्रश्न घडविले त्याचा होता, आणि तो प्रस्तुत लेखकच होय.

या अनुभवानंतर लेखकाने एक ढोबळ व्याकरणिक कसोटी वापरण्यास आरंभ केला. संशोधनाच्या वृत्तान्तात ‘लोक’ हा शब्द कोणत्या संबंधाने येतो, ते पाहावे. ‘लोकांवर’ संशोधन झाले, तर लोक हे केवळ अधिष्ठान राहतात. ‘लोकांसाठी’ झाले, तर चतुर्थीच्या अर्थाने ते दान घेणारे होतात. ‘लाभार्थी’ हा शासकीय शब्द याच वृत्तीचा आहे. ‘लोकांशी’ विचारविनिमय करून झाले, तर तृतीयेचा ‘शी’ हा प्रत्यय निदान साहचर्य दाखवितो. आणि लोकांनीच प्रश्न ठरविला, लोकांनीच मोजले, लोकांनीच निष्कर्ष वापरला, असे जेथे म्हणता येते तेथे ते क्रियेचे कर्ते होतात. प्रास्ताविकात ‘सहभाग’ लिहून पुढे सर्व क्रियापदांचा कर्ता संशोधकच असेल, तर तो सहभाग नामापुरता आहे असे समजावे.

या कसोटीवर महाराष्ट्रातील सर्वांत नावाजलेले उदाहरण लावून पाहणे योग्य होईल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्यांचा १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांचा होता. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. तक्रार सांगणाऱ्या मात्र ५५ टक्केच होत्या, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. ९२ आणि ५५ यांमधील अंतर हे केवळ वैद्यकीय नाही. जे सहन करण्याचे म्हणून गृहीत धरलेले आहे त्याला तक्रार म्हणण्याची रीतच भाषेत नसते. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे महत्त्व येथे आहे. त्यात स्त्रियांच्या समजुती चुका म्हणून खोडून न काढता आधी ऐकून घेतलेल्या आहेत.

याच संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर केलेले काम भागीदारीच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. श्वास जलद आहे की नाही हे ओळखण्यासाठी मिनिटात किती श्वास पडतात ते मोजावे लागते. खेड्यातील दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. येथे ‘दाया अशिक्षित असल्याने अपात्र’ असा शेरा मारून विषय संपविता आला असता. त्याऐवजी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले साधन तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी ठरलेला मणी आला तर औषध द्यावयाचे. दाईला जे येत होते त्यातून साधन घडले. ‘दाईने निदान केले’ हे वाक्य त्यामुळे खरे ठरले. संस्थेच्या रुग्णालयाला आदिवासींच्या इच्छेनुसार दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले, हेही याच मालिकेतले आहे.

पुढे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या नवजात बालकांच्या घरोघरी देखभालीच्या अभ्यासात ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी, म्हणजे आरोग्यदूतांनी, काम केले. तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. वापरणाऱ्यांच्या हातून सिद्ध झालेले संशोधन वापरात लवकर उतरते, याचे याहून ठळक प्रमाण मिळणे कठीण.

तथापि चिकित्सेचे काम केवळ गौरवाचे नसते. सिकलसेलच्या आपल्या आरंभीच्या संशोधनाविषयी स्वतः डॉ. बंग यांनीच पुढे कबुली दिली आहे की, ती लोकांची मागणी नव्हती. अशी कबुली आपल्याकडे विरळा, म्हणून तिचे मोल मोठे. परंतु १९९९च्या त्या निबंधाच्या लेखकांत ज्यांनी घरोघर बालकांचे वजन केले त्या आरोग्यदूतांची नावे नाहीत. ही उणीव त्या संस्थेची म्हणण्यापेक्षा विद्वत्-नियतकालिकांच्या संकेताची आहे. पण कर्ता वाक्यात लोपला की हळूहळू तो विचारातूनही लोपतो, हे भाषेच्या अभ्यासकाने सांगितलेच पाहिजे.

जामखेडचे उदाहरण किंचित निराळे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले, तेव्हा निवडलेल्या ग्राम-आरोग्यसेविकांत निरक्षर व दलित स्त्रिया मोठ्या प्रमाणात होत्या. पुढे बाहेरून शिकावयास येणाऱ्यांना त्याच स्त्रिया शिकवू लागल्या. येथे नात्याची दिशाच उलटली. प्रशिक्षणार्थी हा शिकणारा आणि ग्रामस्थ स्त्री ही शिक्षिका. वडीगोद्रीच्या आशाताईंनी लेखकास शिकविले ते याच जातीचे होते. फरक इतकाच की, तेथे ते योजनापूर्वक होते आणि येथे चूक होऊन गेल्यानंतर.

याच्या उलट बाजूस बीड जिल्ह्याचा अनुभव ठेवावा लागतो. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ साली श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांची, शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ही मोजणी आवश्यकच होती, तिच्यावाचून शासन हलले नसते. पण ‘पिशवी काढली’ या बोलीतल्या दोन शब्दांमागे खाडा, उचल, पाळीच्या दिवसांतले ओझे आणि ‘एकदाची कटकट मिटली’ ही निराशा, असे सर्व एकत्र नांदते. आकडा किती जणींची काढली ते सांगतो. का काढली हे त्या स्त्रीच्या शब्दांतच सापडते.

येथे एक शंका उपस्थित होईल. प्रत्येक गावाच्या बोलीत प्रश्न विचारले तर एका गावाची दुसऱ्याशी तुलना कशी व्हावी? शास्त्राला प्रमाण परिभाषा नको काय? शंका रास्त आहे. पण परिभाषा ही संशोधकांच्या आपसांतील व्यवहारासाठी असते, प्रश्न विचारण्यासाठी नव्हे. ‘अंगावरून जाणे’ असे विचारून कोष्टकात ‘श्वेतप्रदर’ लिहिण्यास कोणतीच अडचण नाही, मात्र दोहोंचे क्षेत्र कोठे जुळते व कोठे जुळत नाही ते आधी तपासले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही संमतीचे निवेदन सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत असावे, असे म्हटले आहे. ‘मराठीत’ आणि ‘समजेल अशा मराठीत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय ही शिस्त आपल्याला परकी नाही. गोदातीरावरच्या याच प्रदेशात चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, त्या ज्याच्या त्याच्याकडे जाऊन. सांगणाऱ्यांच्या आठवणींत फरक पडला तेथे महानुभाव ग्रंथांनी तो ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवला, सांगणाऱ्याच्या नावासह. आणि ग्रंथ संस्कृतात रचण्यास नागदेवाचार्यांनी केशिराजांना मना केले, ते सामान्य अनुयायी त्याला मुकतील म्हणून. माहिती ज्यांच्याकडून घेतली त्यांना ती परत वाचता आली पाहिजे, हा दंडक मराठी गद्याच्या जन्माइतका जुना आहे.

तेव्हा प्रशिक्षणार्थ्यांच्या अभ्यासक्रमात निदान तीन गोष्टी याव्यात. एक, प्रश्नावली अंतिम होण्यापूर्वी ती गावातील चार स्त्रियांकडून वाचवून वा ऐकवून घ्यावी आणि त्यांनी बदललेले शब्द नोंदवावेत. दोन, कोणता प्रश्न विचारणे त्यांना गरजेचे वाटते हे आधी विचारावे आणि त्यांचा निदान एक प्रश्न पाहणीत असावा. तीन, निष्कर्ष ग्रामसभेत त्यांच्याच शब्दांत सांगितल्यावाचून प्रबंध पूर्ण झाला असे मानू नये.

वडीगोद्रीच्या त्या पाहणीचा अहवाल संबंधित संस्थेस सादर झाला. तो गावात परत गेला नाही. त्यातील शून्यांची दुरुस्ती व्हावी म्हणून लेखकाने पत्र पाठविले, परंतु मुद्रण झालेले होते. ज्या आशाताईंनी चूक दाखविली त्यांचा आभारांच्या यादीत उल्लेख नाही, कारण ती यादी त्यांच्या भेटीपूर्वीच छापली गेली होती. पुढच्या प्रश्नावलीचे काम लेखकाकडे आले तर तो प्रथम वडीगोद्रीस जाईल आणि शब्दकोश उघडण्याचे काम नंतर करील.